रस्ता आपला, अर्ज कोणाच्या टेबलावर?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी घरासमोरच्या रस्त्याविषयी आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे अनेक शहरांतील असली, तरी उदाहरणे प्रामुख्याने पुण्याची घेतली आहेत, कारण तेथील कार्यपद्धती मला जवळून पाहता आली आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत सहा सोसायट्या आहेत. पदपथाचे पेव्हर ब्लॉक उखडले आहेत, मध्येच विजेची पेटी उभी आहे आणि ज्येष्ठ नागरिकांना नाइलाजाने रस्त्यावरून चालावे लागते. दोन वर्षांत आम्ही तीन अर्ज दिले आणि एकदा ऑनलाइन तक्रारही केली. ती तक्रार ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद करण्यात आली. आमचे म्हणणे ऐकले जावे यासाठी आणखी काय करावे?

उत्तर : आपण शहराचे नाव लिहिलेले नाही, तरी हा अनुभव कोणत्याही शहरातील वाचकाला ओळखीचा वाटेल. आपले तीनही अर्ज मी वाचले. तिन्हींत तक्रार आहे, मात्र नेमके कोणते काम करावे याची मागणी एकाही अर्जात नाही, आणि या दोहोंचा कार्यालयातील प्रवास अगदी वेगळा असतो. तक्रार देखभाल-दुरुस्तीच्या तरतुदीकडे जाते. कनिष्ठ अभियंता माणसे पाठवून चार ब्लॉक बसवून घेतो, छायाचित्र काढतो आणि नोंद बंद करतो. त्याच्या दृष्टीने निराकरण खरोखरच झालेले असते. पदपथ रुंद करणे, त्याची उंची कमी करणे किंवा पेटी हलवणे ही मात्र भांडवली कामे होत. त्यांसाठी पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा आगाऊ तपशीलवार अंदाज, करावे लागते, अंदाजपत्रकात तरतूद लागते, निविदा काढावी लागते. तक्रारीच्या खिडकीत दिलेला कागद त्या वाटेला सहसा लागतच नाही.

पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांच्या सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. क्षेत्रीय कार्यालयांत त्यासाठी अर्ज मिळतात, बहुतेक वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते भरून घेतले जातात आणि एका कामासाठी साधारणतः पाच लाख रुपयांपर्यंतची सूचना करता येते. अभियंते ती सूचना व्यवहार्य आहे की नाही ते तपासतात, प्रभाग समिती प्राधान्य ठरवते, हिवाळ्यात आयुक्त अंदाजपत्रक मांडतात आणि प्रत्यक्ष काम त्यानंतरच्या एप्रिलपासून सुरू होऊ शकते. म्हणजे मे महिन्यात खड्डे पाहून संतापाने दिलेला अर्ज चालू वर्षाच्या गाडीला उशिरा आणि पुढच्या वर्षाच्या गाडीला फार लवकर पोहोचलेला असतो. असे अर्ज फायलीच्या तळाशी जातात यात कोणाचे कारस्थान नसते. त्या वेळी त्यांचे करायचे काय, हे टेबलावरच्या माणसालाच ठाऊक नसते.

अंदाजपत्रकात नागरिकांना असे सहभागी करून घेण्याच्या या कल्पनेचा उगम ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात १९८९ साली झाला असे मानले जाते. तिथे वस्तीवस्तीच्या सभांत लोक समोरासमोर वाद घालून कामांचा क्रम ठरवत. आपल्याकडे ज्याने त्याने आपापला अर्ज भरून खिडकीत द्यायचा, एवढेच त्याचे रूप उरले. शेजाऱ्याने काय मागितले हे अर्जदाराला कळत नाही. त्यामुळे बाकडी, नामफलक आणि दिशादर्शक कमानी यांची रांग लागते आणि चार सोसायट्यांनी मिळून मागितला असता असा सलग पदपथ मागायचाच राहून जातो, असे माझे मत आहे. ही उणीव आपण गल्लीपुरती स्वतःच भरून काढू शकता.

त्यासाठी एका सकाळी सर्वांनी मिळून ती गल्ली चालून पाहावी. मी एकदा अशा पाहणीत सामील झालो होतो. आम्ही आठ जण होतो, सोबत सुताराची टेप, खडू आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्या एक आजी होत्या. पदपथाची कड जिथे जिथे चढावी लागे तिथे आजी थांबत, हात पुढे करत आणि कोणी तरी तो धरी. आम्ही टेप लावून खडूने आकडा लिहीत असू. एका दुकानापुढे कडेची उंची २८ सेंटिमीटर भरली. पदपथाची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी आणि निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे २०१२ चे पादचारी सुविधांविषयीचे मार्गदर्शक निकष सांगतात. आम्ही अर्जात ‘पदपथ गैरसोयीचा आहे’ असे न लिहिता कोणत्या क्रमांकाच्या दुकानापुढे किती सेंटिमीटर, हे लिहिले. त्यानंतर कार्यालयातील संभाषणाचा सूरच बदलला, कारण अभियंत्याला उत्तरही आकड्यांतच द्यावे लागले.

विजेच्या पेटीबाबत एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. ती वीज कंपनीच्या मालकीची असते आणि हलवण्याचा खर्च सामान्यतः मागणी करणाऱ्या यंत्रणेकडून घेतला जातो. ती रक्कम पदपथाच्या पूर्वगणनपत्रकात आधीच धरली गेली नाही, तर नवा पदपथ पेटीला वळसा घालून होतो आणि आपण पुन्हा रस्त्यावर उतरतो. म्हणून अर्जातच या खर्चाचा उल्लेख करावा, त्याची प्रत वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयालाही द्यावी आणि दोन्ही ठिकाणी आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी. अडथळामुक्त पदपथाचा वापर हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख अवश्य करावा. मात्र पहिल्या परिच्छेदात मोजमापच असू द्यावे.

प्रश्न : आमच्या रस्त्यावर पदपथ रुंद करण्याचा प्रस्ताव आहे. त्यामुळे एका बाजूचे पार्किंग जाईल. दुकानदारांचा विरोध आहे, रहिवाशांत दोन तट पडले आहेत आणि शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. सोसायट्यांमध्ये मतदान घेऊन बहुमताने निर्णय करावा, असे सुचवले जात आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : माझ्या मते नाही. मतदान घेताच प्रश्न उभा राहतो की मतदार कोण. सोसायटीच्या वहीत नाव असलेल्यालाच मत दिले, तर बसथांब्यावरून चालत येणाऱ्या घरकामाच्या बाई, पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जाणारी मुले, कोपऱ्यावरचे रिक्षाचालक आणि औषधे घ्यायला येणारे पलीकडच्या वस्तीतील लोक वगळले जातात. त्या रस्त्याचा सर्वाधिक वापर कदाचित तेच करीत असतील. रस्ता हा त्यावर दरवाजे उघडणाऱ्यांच्याच मालकीचा आहे, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे आणि सहभागाच्या नावाखाली बऱ्याचदा तीच बळकट होते.

मतांऐवजी माणसे आणि वाहने मोजावीत. एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडून सकाळी ८ ते १० आणि सायंकाळी ६ ते ८ या वेळांत दोघादोघांनी वही घेऊन बसावे. किती माणसे चालत गेली, किती दुचाकी, किती मोटारी, किती बसगाड्या, आणि उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीने किती वेळ जागा अडवली, हे लिहावे. मोजणी करणाऱ्या जोडीत एक जण विरोधी तटाचा असावा. दुकानापुढच्या गाड्या गिऱ्हाइकांच्या नसून दुकानदाराच्या स्वतःच्या किंवा वरच्या मजल्यावरील कार्यालयाच्याच आहेत आणि त्या सकाळपासून हललेल्या नाहीत, असे अशा नोंदींतून कधी कधी दिसते. दुकानदाराला ते त्याच्या स्वतःच्या वहीत दिसले, तर कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही. याउलट सामान उतरवण्यासाठी टेंपोला जागा लागतेच, ही त्यांची अडचण अगदी खरी असते आणि आराखड्यात ठरावीक वेळेपुरती जागा राखून ती सोडवता येते.

दुसरे असे की, काँक्रीट ओतण्याआधी खडूने, रंगाने आणि प्लॅस्टिकच्या शंकूंनी नवी रचना काही दिवस करून पाहण्याचा आग्रह धरावा. पुण्यात औंधमध्ये रस्त्यांची नवी आखणी करताना तात्पुरती मांडणी करून पाहण्यात आली होती. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला. त्या दिवशी ज्यांनी त्या रस्त्याच्या मधोमध चालून पाहिले, त्यांना आराखड्याचा कागद वेगळा समजावून सांगावा लागला नसता. तात्पुरत्या मांडणीचा आणखी एक फायदा म्हणजे चूक झाली तर शंकू उचलता येतात.

आपल्या पत्रात ‘पथारीवाले हटवावेत’ ही मागणी दोनदा आली आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार हा निर्णय परस्पर घेता येत नाही. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात आणि रहिवाशांच्या संघटनांनाही स्थान असते. भाजीवाल्या मावशींना बैठकीला बोलावण्याऐवजी त्यांच्याविषयी बैठक घेणे हे मला तरी शोभत नाही; शिवाय रस्त्यावर पाणी कोठे साचते आणि कोणत्या वळणावर दुचाकी घसरतात, हे दिवसाचे दहा तास तिथे बसणाऱ्या व्यक्तीइतके कोणालाच माहीत नसते.

प्रश्न : वाहने भरधाव जातात म्हणून आम्ही सोसायटीच्या खर्चाने गतिरोधक बांधून घेण्याचे ठरवले आहे. कोणाची परवानगी लागेल?

उत्तर : कृपया तसे करू नये. सार्वजनिक रस्त्यावर खासगी गतिरोधक घालणे बेकायदेशीर आहे. वाहतूक पोलिसांचा अभिप्राय घेऊन तो बांधण्याचे काम महानगरपालिकेच्या पथ विभागाचे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांतील प्रचलित गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. त्यावरून ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन सुखरूप जाते. सोसायट्या बांधतात तो उरलेल्या सिमेंटचा अरुंद, टोकदार उंचवटा असतो आणि त्यावर मोटारींचे तळ घासल्याचे पांढरे ओरखडे महिन्याभरात उमटतात. रात्री रंगाचा पट्टा नसेल तर दुचाकीवर मागे बसलेली व्यक्ती फेकली जाते. शाळा किंवा दवाखान्यापुढे पदपथाच्या उंचीला आणलेला, रस्ता ओलांडण्यासाठीचा रुंद पट्टा मागावा. त्याने वेगही कमी होतो आणि चालणाऱ्याला उतरावेही लागत नाही.

प्रश्न : आमच्या भागात एकेरी वाहतूक सुरू झाली आणि बसथांबा अर्धा किलोमीटर दूर गेला. आम्ही नगरसेवकांकडे गेलो, त्यांनी पोलिसांकडे बोट दाखवले, पोलिसांनी बससेवेकडे. खरे उत्तरदायी कोण?

उत्तर : तिघांनीही काही अंशी खरेच सांगितले. पुण्यासारख्या शहरात एकेरी वाहतुकीचा आदेश वाहतूक शाखेचे पोलीस उपायुक्त काढतात. असे बदल अनेकदा प्रथम प्रायोगिक तत्त्वावर लागू होतात आणि नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या जातात. फलक, दुभाजक आणि रंगकाम महानगरपालिका करते. थांबा कोठे असावा हे बससेवा ठरवते; पुणे व पिंपरी-चिंचवडची स्वतंत्र बससेवा २००७ मध्ये एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी स्थापन झाली, तेव्हापासून दोन्ही शहरांसाठी ती एकच यंत्रणा आहे. म्हणून एकच अर्ज तिघांना द्यावा, प्रत्येकाच्या वाट्याची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहावी आणि वर ‘प्रत’ म्हणून इतर दोघांची नावे घालावीत. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी दुसऱ्याच्याही टेबलावर तोच कागद आहे हे दिसलेले बरे असते.

हरकतींची मुदत थोड्या दिवसांची असते आणि तिची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते. पाळीपाळीने ते पान पाहण्याचे काम आपल्यातील कोणी तरी स्वीकारावे. हरकतीत केवळ ‘गैरसोय’ असे लिहू नये. थांब्यापासून जुने व नवे अंतर, वाटेत ओलांडावे लागणारे रस्ते, आणि सकाळच्या एका तासात थांब्यावर चढलेले-उतरलेले प्रवासी असे तीन आकडे पुरेसे आहेत. जुना थांबा परत मिळाल्यास त्यापुढे रिक्षा व मोटारी उभ्या राहणार नाहीत याची मागणीही त्याच पत्रात करावी, कारण थांबा असूनही बस रस्त्याच्या मध्येच थांबली तर पायरी आणि जमीन यांतील अंतर वाढते आणि ज्या आजोबांसाठी आपण लढलात, तेच चढू शकत नाहीत.

प्रश्न : काम सुरू झाले आहे, पण खाली खडी नीट घातलेली दिसत नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणतो, तुमचा संबंध काय?

उत्तर : संबंध आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कागदपत्रांच्या प्रतींखेरीज कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क नागरिकाला आहे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. पदपथाचे काम मात्र त्याआधीच संपू शकते. म्हणून अर्ज आजच करावा, त्यात कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि दोषदायित्वाचा कालावधी (ज्या मुदतीत दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात ती) मागावा, आणि तोवर दररोज एकाच जागेवरून, शेजारी टेप ठेवून, तारीख दिसेल असे छायाचित्र घेत राहावे. खडी झाकली जाण्यापूर्वी घेतलेले छायाचित्र कार्यकारी अभियंत्याला त्याच दिवशी लेखी पत्रासह द्यावे. ठेकेदाराच्या माणसाशी वाद घालू नये. तो बहुधा रोजंदारीवर असतो आणि खडी किती घालायची हे त्याने ठरवलेले नसते.