बरिटो बोलमधला कोथिंबीर-लिंबू भात घरी केला की गिच्च आणि कडवट का होतो?

बरिटो बोल म्हणजे भात, राजमा किंवा घेवडा आणि भाज्या एकाच वाडग्यात वाढलेला पदार्थ. त्यातल्या भाताबद्दल तुम्ही लिहिलंय की तांदूळ कुकरला लावतानाच पाण्यात लिंबाचा रस, सालीचा कीस आणि अर्धी जुडी कोथिंबीर घातली. भाताचा गोळा झाला, रंग शेवाळी आला आणि चव कडवट लागली. गोळा होण्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो. रंग आणि चव बिघडली ती लिंबू-कोथिंबीर फार लवकर गेल्यामुळे. या मेक्सिकन-अमेरिकन धाटणीच्या भातात दोन्ही शिजवायचीच नसतात. आंबट पाण्यात उकळलं की कोथिंबिरीचं हरितद्रव्य तपकिरी-शेवाळी पडतं. लिंबाचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे राहतो नुसता आंबटपणा.

चौघांना तोंडीलावण्यापुरतं प्रमाण: जुना बासमती २०० ग्रॅम, रस २ मोठे चमचे (साधारण दोन कागदी लिंबं), सालीचा कीस अर्धा लहान चमचा, बारीक चिरलेली कोथिंबीर अर्धी वाटी, तेल २ लहान चमचे, मीठ पाऊण लहान चमचा, एक तमालपत्र. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घेऊ नका. ते मुळातच चिकट आणि स्वतःच्या वासाचे.

तांदूळ पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत तीन-चारदा धुवा, २० मिनिटं भिजवा आणि चाळणीत पूर्ण निथळा. गोळा होतो तो इथल्या आळसामुळे: दाण्यावरची पिठी धुतली जात नाही, किंवा भिजलेल्या तांदळाला न भिजलेल्याइतकंच पाणी घातलं जातं. भिजवलेल्या बासमतीला मूळ मापाच्या दीडपट पाणी पुरे. त्यात मीठ, तमालपत्र आणि एक चमचा तेल घालून उकळी आणा, तांदूळ घाला. पुन्हा उकळी आली की झाकण लावून अगदी मंद आचेवर १० मिनिटं, मग गॅस बंद करून झाकण न काढता आणखी १०. जास्त माणसांसाठी करायचा असेल तर सरळ भरपूर पाण्यात शिजवून वेळून घ्या. पाण्याच्या मापाची कटकटच नाही.

आता भात परातीत पसरा. काट्याने हलकेच मोकळा करा, पळी फिरवली तर शितं मोडतात. पाच-सात मिनिटांनी वाफ ओसरली की, म्हणजे हाताला कोमट-गरम लागेल तेव्हा, उरलेलं तेल, रस आणि कीस वाटीत कालवून वरून शिंपडा. कोथिंबीर सगळ्यात शेवटी. ती धुऊन फडक्यावर खडखडीत कोरडी करा आणि धारदार सुरीने चिरा. ओली कोथिंबीर भाताला पाणी सोडते, बोथट सुरीने ती चेचली जाऊन काळी पडते. मिक्सरला तर लावूच नका. कोवळे देठ मात्र टाकू नका, चव पानांपेक्षा तिथेच जास्त.

कडवटपणाचं मुख्य ठिकाण म्हणजे सालीखालचा पांढरा थर. आपल्या कागदी लिंबाची साल इतकी पातळ की किसणीवर एकाच जागी दुसऱ्यांदा फिरवलं की पांढरं लागलंच. हिरवा रंग गेला की लिंबू फिरवा. बिया चिरडेपर्यंत पिळू नका.

परदेशात असाल तर मोठं, बहुतेक बिनबियांचं हिरवं लाइम घ्या. आपलं कागदी त्याच्याच जातकुळीतलं, फक्त जास्त तिखट वासाचं. पिवळ्या लेमनने भात वाईट होत नाही, पण वास वेगळा येतो. तिथल्या फळांवर बऱ्याचदा मेणाचा थर असतो, म्हणून किसण्याआधी गरम पाण्याने चोळून धुवा.

मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घालायचा मोह होईल. घातलीत तर ते चित्रान्नाच्या, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताच्या वाटेला लागेल. छानच लागेल, पण राजमा किंवा काळ्या घेवड्याबरोबर हवा तो हा भात नव्हे.

डब्यासाठी करत असाल तर रात्री नुसता भात शिजवून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पाण्याचा हबका मारून वाफ येईपर्यंत गरम करा आणि लिंबू-कोथिंबीर तेव्हाच मिसळा.