नफा कोणाकडे जाणार, ते आधी लिही

सोलापूर

चि. स अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागातील विडी वळणाऱ्या बायकांना कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या उद्योगात आणण्याचा विचार मला पटला. परंतु समाजहिताची भाषा पानोपानी असूनही वर्षअखेरीस उरलेल्या पैशाचे काय होणार, हे त्यात कुठेच सापडत नाही.

बांगलादेशात ग्रामीण बँक उभारणाऱ्या मुहम्मद युनूस यांच्या सामाजिक व्यवसायात गुंतवणूकदाराला मुद्दल परत मिळते, लाभांश मिळत नाही. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालच्या कंपनीलाही सभासदांना लाभांश वाटता येत नाही. तू स्पष्ट लिहिले नसले, तरी तुझा रोख याच मार्गाकडे दिसतो. बाहेरच्यांसाठी रुग्णालय वा शाळा चालवायची असती, तर मी लगेच होकार दिला असता. येथे मात्र ज्यांच्या हितासाठी उद्योग काढायचा, त्याच बायका भाकरी थापणार आहेत. उरलेल्या पैशावर त्यांचा हक्क नसेल, तर त्या तुझ्या उपकाराखालच्या मजूरच राहतील. १९५९ मध्ये गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्ये पापड लाटणाऱ्या भगिनीच सहमालक असतात. म्हणून सभासदच मालक असलेल्या सहकारी संस्थेचा विचार कर. (सहकार म्हटले की आपल्या जिल्ह्यात साखर कारखाना आणि पाठोपाठ निवडणूक आठवते, हे मान्य आहे.)

मजुरीचा प्रश्न याहून कठीण आहे. विडीचे काम आरोग्याला घातक असले, तरी हजार विड्यांमागच्या मजुरीचा हिशेब त्या बाईला तोंडपाठ असतो आणि नोंदणी असेल तर भविष्य निर्वाह निधीही मिळतो; तो सोडून ती तुझ्याकडे यावी, अशी अपेक्षा असेल, तर सणासुदीपुरती मागणी तिला पुरणार नाही. तेव्हा पुण्या-मुंबईच्या दुकानदाराला परवडेल त्या दरातून मागे येत मजुरी ठरवू नकोस. आधी मजुरी धर, मग ज्वारी, शेंगदाणे, सरपण, बांधणी आणि वाहतूक मिळवून किंमत काढ. त्या किमतीला माल चवीवर विकला गेला पाहिजे, कारण दयेपोटी घेणारे गिऱ्हाईक सहसा एकदाच येते.

यंत्रांची मागणी तूर्त थांबव. संस्थेच्या उपविधींचा, म्हणजे अंतर्गत नियमांचा, मसुदा बायकांसमोर वाच, तेलुगूतही समजावून सांग, आणि नफावाटपाच्या कलमावर त्या जे आक्षेप घेतील, ते जसेच्या तसे मला कळव.

तुझा हितचिंतक