ईएसजी स्कोर बघून लगेच पैसे टाकू नको
अरे, विकसनशील देशांतल्या फंडात एआयने काढलेला ईएसजी स्कोर (पर्यावरण, समाज आणि कारभार यांत कंपनी कशी आहे त्याचे मार्क) दिसला ना, की आधी हे विचार की डेटा कंपनीने स्वतः दिलाय की मॉडेलने अंदाजाने भरलाय, कारण तिथल्या बऱ्याच छोट्या कंपन्या प्रदूषणाचे आकडे जाहीरच करत नाहीत आणि मग कधीकधी सेक्टरची सरासरी चिकटवली जाते. म्हणजे नदीत घाण सोडणारा कारखाना आणि पाणी शुद्ध करून सोडणारा, दोघांना सेम मार्क! मला हे फार लागतं. जंगलतोड मात्र एआय छान पकडतं. सेंटिनेल-२ उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात, १० मीटरपर्यंत बारीक, २०१५ पासूनचे, पामतेलवाली कंपनी असेल तर जुना-नवा फोटो शेजारी ठेवून स्वतः बघच. ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी काढलेले कर्जरोखे, घेताना पैसा नक्की कुठे गेला तो रिपोर्टही वाच.