वाचकांचे प्रश्न : घरच्या साउंड सिस्टिमवर स्ट्रीमिंग

प्रश्न : वडिलांचा सोनोडाइनचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर सुस्थितीत आहेत. ब्लूटूथ रिसीव्हर लावून मोबाइलवरची गाणी ऐकतो, पण आवाज बसका वाटतो. हाय-रेस (सीडीहून वरच्या दर्जाचा) स्ट्रीमर घेतला तर फरक पडेल का? अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे गोल, पाच पिनांची सॉकेट आहेत. (कोल्हापूर)

फरक पडेल, पण हाय-रेसमुळे नव्हे. मधला ब्लूटूथचा टप्पा निघून गेल्यामुळे. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. त्याला सेकंदाला १४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथचा नेहमीचा एसबीसी कोडेक (आवाज दाबून, म्हणजे डेटा कमी करून पाठवण्याची पद्धत) ३२८ किलोबिटच्या आसपास थांबतो. अँड्रॉइडवरचा एलडॅक ९९०पर्यंत जातो, पण तो रिसीव्हरलाही यावा लागतो, आणि सिग्नल अशक्त झाला की तोही खाली उतरतो. आयफोनला एलडॅक येतच नाही. त्यात सेवेकडून आधीच दाबून आलेलं गाणं फोन पाठवताना पुन्हा दाबतो.

वाय-फाय स्ट्रीमरमध्ये फोन हा नुसता रिमोट. गाणं स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ओढतो, त्यामुळे मध्येच कुणाचा फोन आला तरी बंदिश तुटत नाही. वीम प्रोच्या वर्गातला स्ट्रीमर तुमच्या कामाला पुरेसा आहे : वाय-फाय, इथरनेट, आरसीए (लाल-पांढरी अ‍ॅनालॉग जोडणी), ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सियल (दोन्ही डिजिटल) सगळं मिळतं. हाताने जुळवाजुळव करायची हौस असेल तर रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यावर डॅक (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणारा) बोर्ड आणि मूड किंवा व्हॉल्युमिओ हे सॉफ्टवेअर. मात्र पायच्या स्वतःच्या ३.५ मिमी जॅकवरून आवाज घेऊ नका, तो कामचलाऊ आहे. वीजपुरवठा ५ व्होल्ट, ३ अँपियरचाच हवा. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर व्होल्टेज पडतं आणि लोक दोष सॉफ्टवेअरला देतात.

आता त्या गोल सॉकेटकडे. हे डिन सॉकेट. त्यातल्या पिनांचे क्रमांक ओळीने नसतात. एका टोकाकडून १, ४, २, ५, ३ असे येतात. २ ही ग्राउंड, ३ डावा आणि ५ उजवा आवाज अ‍ॅम्प्लिफायरकडे नेतात. १ आणि ४ टेपवर रेकॉर्डिंग करण्यासाठी. बाजारातल्या दोन आरसीएवाल्या काही तारा १ आणि ४ला जोडलेल्या असतात. त्या लावल्या की आवाजच येत नाही आणि अ‍ॅम्प्लिफायर बिघडला असं वाटतं. तार घेण्याआधी मल्टिमीटरने तपासा, नाहीतर चार आरसीएची तार घेऊन बरोबर जोडी शोधा.

तार ‘टेप’ किंवा ‘ट्यूनर’ला लावा, ‘फोनो’ला कधीच नाही. फोनो इनपुट रेकॉर्ड प्लेयरच्या अगदी क्षीण सिग्नलसाठी असतो. तो सिग्नल शंभरेक पट वाढवतो आणि खर्ज आणखी उचलतो. त्यात स्ट्रीमर घातला तर नुसतं फाटकं, घोगरं ऐकू येईल. डिन इनपुटला काहीशे मिलिव्होल्ट पुरतात, तर स्ट्रीमर २ व्होल्ट देतो. म्हणून नॉब जरा फिरवताच आवाज अंगावर येत असेल, तर स्ट्रीमरच्या अ‍ॅपमध्ये आउटपुट कमी करा. नॉब फिरवताना खरखर झाली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. आधी प्लग काढून.

प्रश्न : स्पॉटिफाय की अ‍ॅपल म्युझिक? टायडल आणि कोबझबद्दलही खूप ऐकतो. (पुणे)

टायडल आणि कोबझ यांची अधिकृत सेवा भारतात नाही. परदेशी पत्ता देऊन खातं उघडण्याच्या खटपटीत पडू नका. पैसे भरताना केव्हाही अडकेल. उरलेल्या दोघांत निवड फोनवर आणि जोडणीवर ठरते. अ‍ॅपल म्युझिक २०२१पासून लॉसलेस (दाबताना काहीही न गाळलेलं गाणं) देतं, कमाल २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. पण ते स्ट्रीमरवर एअरप्लेने (अ‍ॅपलची वाय-फायवरून आवाज पाठवण्याची सोय) पाठवलं की वरचे आकडे मागेच राहतात. आयफोन १५ किंवा पुढचा असेल तर यूएसबी-सी तारेने थेट डॅकला जोडा. गाण्यानुसार सॅम्पल रेट (किलोहर्ट्झचा आकडा) आपोआप बदलतो. मॅकवर तो ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये हाताने बदलावा लागतो.

स्पॉटिफायने लॉसलेस २०२५च्या सप्टेंबरमध्ये आणलं, २४ बिट, ४४.१पर्यंत. आकडा लहान, सोय मोठी : स्पॉटिफाय कनेक्टमुळे स्ट्रीमर थेट सेवेकडून गाणं घेतो. भारतात लॉसलेस कोणत्या प्लॅनमध्ये आहे हे पैसे भरण्याआधी बघा. गाणं लागल्यावर पडद्यावर ‘लॉसलेस’ अशी खूण दिसते. ती दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये दर्जा अजून जुनाच आहे किंवा तुमचा स्ट्रीमर त्याला तयार नाही. दोन्ही अ‍ॅपमध्ये लॉसलेस स्वतःहून सुरू होत नाही, निवडावं लागतं. अर्धे लोक इथेच चुकतात.

१९२चा हट्ट धरण्याआधी काय ऐकता ते पाहा. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून घेतलेल्या नाट्यपदात तो आकडा काही नवं भरू शकत नाही. डेटा मात्र जातो : तीन मिनिटांच्या गाण्याला अ‍ॅपलच्याच हिशेबाने १४५ एमबी, २४ बिट/४८ किलोहर्ट्झला ३६ एमबी. शास्त्रीय ऐकणाऱ्यांनी क्रॉसफेड आधी बंद करावा. विलंबित आणि द्रुत वेगळ्या ट्रॅकवर असले की तो एकाची शेवटची तिहाई दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो.

प्रश्न : टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की सगळ्यावर ‘हं…’ असा घुमारा येतो. (ठाणे)

केबलची तार सेट-टॉप बॉक्समधून काढून बघा. घुमारा लगेच थांबला तर ग्राउंड लूप आहे : इमारतीतून आलेल्या केबलचं ग्राउंड आणि तुमच्या घरातलं अर्थिंग वेगवेगळ्या पातळीवर आहेत, आणि त्या फरकाचा प्रवाह आरसीएच्या कवचातून वाहतो. उपाय म्हणजे टीव्हीचा आवाज ऑप्टिकल तारेने घेणं. प्रकाशातून वीज जात नाही. अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मध्ये छोटा डॅक लागेल. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) निवडा, कारण साध्या डॅकला डॉल्बी कळत नाही, तो गप्प बसतो. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कुणी देईल. घुमारा जाईलही, पण पुढे शॉक बसू शकतो.

प्रश्न : फोनला स्ट्रीमर दिसतच नाही, आणि दिसला तर गाणं मध्येच अडखळतं. (नाशिक)

न दिसण्याचं नेहमीचं कारण : फोन ‘गेस्ट’ नेटवर्कवर आणि स्ट्रीमर मुख्य नेटवर्कवर. दोन्ही एकाच नावावर आणा. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) सुरू असेल तर बंद करा. अडखळण्याला बहुधा जागा जबाबदार असते. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा दोन भिंती पलीकडे असेल तर वेगवान प्लॅन घेऊनही उपयोग नाही. राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत कॅट ५ई (इथरनेटची) तार टाकता आली तर प्रश्नच मिटतो, ती १०० मीटरपर्यंत चालते.

प्रश्न : बारा हजारांची ऑप्टिकल केबल घ्यावी का? (डोंबिवली)

नाही. काही शेकड्यांतली घ्या, फार वाकवू नका. ऑप्टिकल जोडणी ९६ किलोहर्ट्झपर्यंत भरवशाची. १९२ हवं असेल तर कोअ‍ॅक्सियल वापरा. आणि नव्या केबलच्या टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची टोपणं असतात, ती काढूनच लावा. ती तशीच ठेवून दुकानदाराशी भांडायला गेलेल्यांची पत्रं आमच्याकडे दर महिन्याला येतात.