रेव्हिटमध्ये दोन लँडिंगच्या जिन्याचे रेलिंग कोपऱ्यावर का तुटते?

आपला प्रश्न मला असा समजला : सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला खाली यंत्रमाग आणि वर राहते घर अशी इमारत आहे, तळमजल्याची उंची ४.२ मीटर असून जिना तीन फ्लाइटचा (पायऱ्यांच्या सलग ओळींचा), वळणावर दोन चौकोनी लँडिंगचा (सपाट टप्प्यांचा) आणि मधोमध मोकळी जागा सोडलेला आहे. रेव्हिट या इमारतीचे त्रिमितीय मॉडेल काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जिना व्यवस्थित उभा राहतो, पण आतल्या बाजूचे रेलिंग दोन्ही लँडिंगच्या कोपऱ्यावर एका पायरीएवढी उडी घेते आणि रेलिंगच्या टाइपमधले पर्याय बदलूनही ती उडी जात नाही. मीही सोलापुरातच असेच जिने काढतो, म्हणून आधी स्पष्ट सांगतो की दोष रेलिंगमध्ये नाही, पायऱ्यांच्या मांडणीत आहे.

खालच्या फ्लाइटची शेवटची पायरी आणि वरच्या फ्लाइटची पहिली पायरी या दोन्ही आपण लँडिंगच्या आतल्या कोपऱ्याला अगदी भिडवून काढलेल्या असणार, कारण सॉफ्टवेअर आपणहून तशीच सुचवते. अशा वेळी खालून येणारे रेलिंग कोपऱ्यावर लँडिंगच्या पातळीपासून मोजलेल्या उंचीवर पोहोचते, तर वर जाणारे रेलिंग त्याच कोपऱ्यावर एक पायरी वरून सुरू होते. एकाच बिंदूला दोन उंच्या आल्यावर उभा तुकडा येणारच. रेलिंगच्या टाइपमधल्या ‘लँडिंग हाइट अ‍ॅडजस्टमेंट’ने लँडिंगवरचा भाग वरखाली होतो एवढेच, उडी एका टोकावरून दुसऱ्या टोकाला सरकते.

उपाय म्हणून एकच अंतर सांभाळावे. खालच्या फ्लाइटच्या शेवटच्या पायरीच्या कडेपासून वरच्या फ्लाइटच्या पहिल्या पायरीच्या कडेपर्यंत, रेलिंगच्या मार्गाने वळण घेऊन मोजलेले अंतर बरोबर एका ट्रेडएवढे (पायरीच्या पाय ठेवायच्या रुंदीएवढे) असले पाहिजे. तसे झाले की दोन्ही उतारांच्या रेषा कोपऱ्यात आपसूक जुळतात.

आपल्याच जिन्यावर हे मांडून पाहू. ४२०० मि.मी. उंचीला १७५ मि.मी.चे २४ रायझर (पायरीच्या उभ्या उंच्या) येतात, म्हणजे प्रत्येक फ्लाइटला ८ रायझर आणि ७ ट्रेड. ट्रेड २८० मि.मी. धरल्यास दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज ६३० येते, जी पायाला सोयीची आहे. शिवाय राष्ट्रीय बांधकाम संहितेतील निवासी जिन्याच्या, रायझर जास्तीत जास्त १९० आणि ट्रेड किमान २५०, या मर्यादाही पाळल्या जातात. आता २८० चे दोन समान भाग केले तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना १४०-१४० मि.मी. हवेत. परंतु हे अंतर रेलिंगच्या कोपऱ्यापासूनचे आहे, लँडिंगच्या काँक्रीटच्या कोपऱ्यापासूनचे नव्हे. रेलिंगची मध्यरेषा पायरीच्या कडेपासून ५० मि.मी. आत असेल, तर रेलिंगचा कोपराही तेवढाच लँडिंगकडे सरकलेला असतो. म्हणून काँक्रीटच्या कोपऱ्यापासून पायरी फक्त ९० मि.मी. दूर ठेवावी लागते. मधल्या फ्लाइटला दोन्ही टोकांना हे ९० मिळाल्याने मोकळ्या जागेची त्या बाजूची लांबी १९६० ऐवजी २१४० मि.मी. होते. ही जादा जागा कॉलमची जागा ठरण्याआधीच मागून घ्यावी. नंतर ती कोणी देत नाही.

रेव्हिटमध्ये हे करताना आधी रेफरन्स प्लेन (आधाराच्या रेषा) मारून घ्यावेत आणि तिन्ही फ्लाइट त्यांना धरून वेगवेगळ्या काढाव्यात. ‘ऑटोमॅटिक लँडिंग’ चालू असेल तर लँडिंग आपोआप जोडले जाते आणि त्याचा आकार मनासारखा नसेल तर त्याचे स्केचमध्ये रूपांतर करता येते. त्यानंतर आतले रेलिंग निवडून ‘एडिट पाथ’मध्ये जावे, पायरी संपते तिथे आणि पुन्हा सुरू होते तिथे रेषा तोडलेली आहे याची खात्री करावी, आणि कोपऱ्याजवळच्या १४० मि.मी.च्या दोन्ही तुकड्यांचा ‘स्लोप’ हा पर्याय ‘बाय होस्ट’वरून ‘स्लोप्ड’ करावा. ‘बाय होस्ट’ ठेवल्यास ते तुकडे लँडिंगप्रमाणे सपाट राहतात आणि आपली सगळी मांडणी वाया जाते. ‘स्लोप्ड’ केल्यावर ते शेजारच्या तुकड्यांना जोडून घेतात, आणि अंतर बरोबर एका ट्रेडचे असल्यामुळे त्यांचा उतारही फ्लाइटच्या उताराइतकाच येतो. कोपऱ्यावर रेलिंग लँडिंगपासून अर्धा रायझर, म्हणजे ८७.५ मि.मी. जास्त उंच असते. रेलिंग १ मीटरचे असेल तर ते कुठेही त्याखाली जात नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात हमखास नडते, ती म्हणजे फरशीची जाडी. पायऱ्यांना शहाबादी आणि खोल्यांत टाइल असेल, तर दोन्हींची मसाल्यासकट जाडी सहसा वेगळी असते. समजा खोलीत ७५ आणि पायरीवर ५० मि.मी. आहे. मग सर्व पायऱ्या तयार झाल्यावर १७५ च्या याव्यात म्हणून काँक्रीटचा पहिला रायझर २०० आणि शेवटचा १५० ठेवावा लागतो. म्हणून मॉडेलमधील लेव्हल तयार फरशीच्या पातळीवर धरावी आणि सेंटरिंगवाल्यांना (काँक्रीटचे साचे बांधणाऱ्यांना) मात्र काँक्रीटच्या मापांचा वेगळा सेक्शन (उभ्या छेदाचे चित्र) द्यावा.

पहिले लँडिंग १४०० वर आणि दुसरे २८०० वर येते, त्यामुळे दरवाजा ठेवायचा असल्यास दुसऱ्याच लँडिंगखाली ठेवावा. संहितेप्रमाणे तिथे किमान २.२ मीटर मोकळी उंची लागते. वरच्या मजल्यांची उंची एकसारखी असेल तर त्यांचा जिना एकदा काढून ‘सिलेक्ट लेव्हल्स’ने पुढे न्यावा, पण तळमजल्याचा जिना स्वतंत्रच असू द्यावा.

रेलिंग बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला त्रिमितीय चित्र देऊन भागत नाही. आतल्या रेलिंगचे तिन्ही फ्लाइट एका सरळ रेषेत उलगडून दाखवणारे एलेव्हेशन (समोरून दिसणारे चित्र) त्याला द्यावे, त्यावर प्रत्येक कोपऱ्याची लँडिंगपासूनची उंची आणि प्रत्येक ट्रेडवरचे रेलिंगचे दोन उभे गज मापासह दाखवावेत, आणि पाइप कापण्याआधी ही मापे शहाबादी बसलेल्या पायरीवर त्याच्याकडून पडताळून घ्यावीत.