प्रोसेसर किती तापला तर चालतो?

या वेळची बहुतेक पत्रं तापमानाचीच आहेत. अनेकांनी नुसता आकडा लिहून ‘हे जास्त आहे का?’ असं विचारलंय. ताप १०० आहे, एवढ्यावरून डॉक्टर तरी काय सांगणार? पेशंट झोपून होता की जिने चढून आला, हेही कळायला हवं. पुढच्या वेळी आकड्याबरोबर खोलीचं तापमान, त्या वेळी मशीनवर काय चालू होतं आणि प्रोसेसरचा वेग किती होता, एवढं नक्की लिहा.

प्रश्न : रायझन ७ ७७००एक्स नवाच बसवला आहे. व्हिडिओ रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) लावला की थोड्या वेळात ९५ अंश होतात आणि आकडा तिथेच चिकटून राहतो. प्रोसेसर जळेल का?

नाही. ९५ ही एएमडीनेच या प्रोसेसरसाठी आखून दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचल्यावर तो स्वतःच वेग थोडा थोडा आवरतो, म्हणून तर आकडा चिकटल्यासारखा दिसतो. उष्णता तयार होते ती नखाएवढ्या चकतीत. तिच्यावर धातूचं जाड झाकण, त्यावर उष्णता पुढे नेणारी पेस्ट, मग कूलर. कूलर कितीही मोठा असला तरी उष्णता आधी त्याच्यापर्यंत पोचायला हवी ना! शिवाय मोठ्या कूलरने थोडी जागा करून दिली, तर प्रोसेसर ती वेग वाढवण्यात खर्च करतो.

मर्यादा सगळ्यांची सारखी नसते. एएमडीच्याच ७८००एक्स३डीची ८९ आहे, इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची १००.

९५ बघवतच नसेल, तर नवा कूलर घेण्याआधी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालण्याची सोय, ६५ वॉटवर लावून बघा. नाव ६५ चं असलं तरी प्रोसेसर ८८ वॉटपर्यंत वीज ओढतो. आत्ता तो १४२ पर्यंत जाऊ शकतो. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, गेम खेळताना फरक बहुधा जाणवणारही नाही. मला विचाराल तर हा इलाज सगळ्यात स्वस्त आहे आणि लोक तो सगळ्यात शेवटी करतात.

प्रश्न : आय७-१३७००के आहे, एअर कूलर चांगला दणकट आहे. तरी सिनेबेंच (प्रोसेसरची ताकद मोजणारी चाचणी) लावल्यावर काही सेकंदांत १००! कूलर सदोष आहे का?

आधी मदरबोर्डवर संशय घ्या. या प्रोसेसरला इंटेलने जास्तीत जास्त २५३ वॉटची मर्यादा दिली आहे. पण बरेच बोर्ड ती मर्यादा मुळात लावतच नाहीत. बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ (सलग आणि थोड्या वेळापुरती वीजमर्यादा) अशा दोन नोंदी शोधा. तिथे ४०९५ वॉटसारखा आकडा दिसला तर दचकू नका. त्याचा अर्थ ‘लागेल तेवढी वीज घे’ एवढाच. दोन्हीकडे २५३ भरा, तरी तापत असेल तर १८० करून बघा.

तिथे गेलाच आहात तर बायोसही अद्ययावत करून घ्या. १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे कमजोर होत होते. त्यावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली, ती बायोसमधूनच येते.

प्रश्न : मशीन रिकामं असतानाही तापमान ४० वरून एकदम ६० होतं, परत खाली येतं. त्याबरोबर पंखा सारखा घूं-घूं करतो. डोकं उठलंय.

तापमान ठीक आहे, पंख्याची मांडणी चुकली आहे. पानावर एक क्लिक केलं तरी प्रोसेसरचा एखादा कोअर क्षणभर पूर्ण वेगाने धावतो आणि सेन्सर तेवढ्यात आकडा टिपतो. हीटसिंकला, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांना, त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा बायोसमधल्या पंख्याच्या आलेखात ६५ अंशांपर्यंत रेघ सपाट ठेवा आणि वेग वाढवण्याआधीचा विलंब चार-पाच सेकंदांवर न्या. पंखा तीन पिनांचा असेल तर तो डीसी मोडवर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारा) हवा. पीडब्ल्यूएमवर (चार पिनांच्या पंख्यांची पद्धत) ठेवला तर तो कायम पूर्ण वेगाने फिरत राहील.

प्रश्न : पहिल्यांदाच मशीन जोडलं. चालू केल्यावर बायोसमध्येच तापमान ९० च्या पुढे जातं आणि मशीन बंद पडतं.

पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. कूलर काढा आणि त्याचा तळ उजेडात धरा. तळावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म दिसली तर हसू नका, माझ्या पहिल्या मशीनवर मीही ती तशीच ठेवली होती. अर्धी संध्याकाळ मी पंख्यालाच दोष देत बसलो होतो.

फिल्म नसेल तर पेस्टचा ठसा बघा. पेस्ट पातळ आणि सगळीकडे सारखी पसरलेली हवी. एका कडेला जाड थर आणि दुसरीकडे जवळजवळ कोरडं असेल, तर कूलर तिरका बसलाय. चारही स्क्रू एकदम आवळू नयेत. समोरासमोरचे दोन आळीपाळीने, थोडे थोडे. ठसाच उमटला नसेल, तर कूलर टेकलाच नाही. सॉकेटप्रमाणे (प्रोसेसर बसतो त्या खाचेप्रमाणे) वेगळे लागणारे आधार तपासा. लिक्विड कूलर (पाणी फिरवून थंड करणारा) असेल तर पंपाची वायर लावली आहे ना, तेही बघा.

एक धोका : एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवरचा कूलर सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. तुमच्यासारखं मशीन चालतच नसेल, तर तळाला केस वाळवायच्या ड्रायरची ऊब द्या.

प्रश्न : पेस्ट दर वर्षी बदलावी का? आणि किती लावावी?

दर वर्षी नको. त्याच कामाला पूर्वीपेक्षा आठ-दहा अंश जास्त दिसायला लागले आणि धूळ साफ करूनही उतरले नाहीत, तर बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि वाटाण्याएवढा ठिपका मधोमध ठेवा. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि थेंब बोर्डवर सांडला तर शॉर्ट होतो.

प्रश्न : कॅबिनेटला सहा पंखे लावले, तरी फरक शून्य.

ही चाचणी करा. मशीनवर पंधरा मिनिटं भार ठेवा, आकडा लिहून घ्या. मग कॅबिनेटची बाजूची पाटी काढा आणि आणखी पंधरा मिनिटं थांबा. आकडा सात-आठ अंशांनी उतरला, तर दोष हवेच्या वाटेत आहे. एक-दोन अंशच उतरला, तर कॅबिनेटचा नाद सोडा. गडबड कूलर, पेस्ट किंवा वॉटमध्ये आहे.

वाटेत दोष निघाला तर आधी समोरची बाजू बघा. तिथे काच असेल आणि तिच्या कडेला बोटभरच फट असेल, तर पंखे सहा काय आणि दहा काय, हवा येणार कुठून? मग दिशा तपासा. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरणारी चौकट दिसते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर. ग्राफिक्स कार्डची गरम हवा कूलरपाशी घोटाळत राहते, ती याच वाटेने निघते.

प्रश्न : लिक्विड कूलर जुना झालाय, गुळगुळ आवाज येतो. तापमानही वाढलंय.

वर्षानुवर्षं नळ्यांतून थोडं पाणी उडून जातं आणि त्या जागी हवा शिरते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा रेडिएटरची (पाणी गार होतं ती पंखे लावलेली जाळी) असायला हवी, पंपाची नव्हे. रेडिएटर पंपापेक्षा खाली असेल तर वर चढवा, आवाज बहुधा थांबेल. मग भार असताना नळ्यांना हात लावून बघा. प्रोसेसर ९५ वर आणि रेडिएटर मात्र गारच, तर पाणी फिरत नाहीये. पंपाला वीज पोचत असूनही असं होत असेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता कूलर बदला.

प्रश्न : उन्हाळ्यात तापमान दहा अंशांनी वाढलं. काय करू?

खोली किती तापली? तीही दहाने, तर काही करू नका.