वैद्यकीय इंग्रजी शब्द: सुरुवात शेपटीपासून करा

मराठी माध्यमातून नर्सिंगला आलात म्हणून बिचकू नका. हे शब्द इंग्रजी माध्यमवाल्यांनाही नवेच असतात, कारण बहुतेकांची मुळं ग्रीक-लॅटिन आहेत.

घोकंपट्टी थांबवा, आधी शब्दाचा शेवट बघा. 'आयटिस' म्हणजे दाह, 'एक्टमी' म्हणजे कापून काढणं. 'गॅस्ट्र' म्हणजे जठर. मग गॅस्ट्रायटिस आणि गॅस्ट्रेक्टमी आपोआप उलगडतात. पहिल्या महिन्यात असे दहा-बारा तुकडे पुरेत.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- 'आयटिस' दिसलं की जंतुसंसर्ग समजणं. दाह संसर्गाशिवायही होतो.
- 'अक्यूट' म्हणजे गंभीर समजणं. याचा अर्थ अचानक सुरू झालेलं. साधी सर्दीही अक्यूटच! 'क्रॉनिक' ग्रीक 'क्रोनोस'वरून, म्हणजे काळ, दीर्घकाळ चालणारं.
- हायपो आणि हायपर यांची गल्लत. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. इथे मात्र अजिबात ढिलाई नको. ऐकताना शंका आली तर लगेच विचारा.

व्युत्पत्तीवर आंधळा भरवसाही नको. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये 'वाईट हवा'. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी सापडला, तरी नाव तेच राहिलं.

आज 'टॉन्सिलेक्टमी' फोडून बघा. अडलं तर बिनधास्त विचारा.